पडद्यावरचा डोळा आणि मागचा वाडा

अप्पा बळवंत चौकातून आत वळा. साल १९३४. पावसाळा सरत आलाय, रस्त्यात टांग्यांची गर्दी आहे आणि तुमच्या अंगावरचे कपडे कुणाला विचित्र वाटत नाहीत, कारण सगळ्यांचे डोळे समोरच्या नव्याकोऱ्या इमारतीवर आहेत. किबे सरदारांनी बांधलेल्या या थिएटरात चुन्याचा आणि रंगाचा वास अजून ताजा आहे. पुणेकर पुढे याला ‘प्रभात टॉकीज’ म्हणणार आहेत. प्रभात फिल्म कंपनी गेल्याच वर्षी कोल्हापुरातलं बिऱ्हाड हलवून पुण्यात आली, एरंडवण्याच्या माळावर तिनं स्टुडिओ उभारला, आणि त्या स्टुडिओत तयार झालेला पहिला बोलपट तुम्ही आज पाहणार आहात: ‘अमृतमंथन’.

तुमच्या शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ आहेत. राजे-राण्यांची गोष्ट असणार, चार गाणी असणार, शेवटी सत्याचा विजय होणार, अशा समजुतीनं ते ऐसपैस बसलेत. तुतारी फुंकणाऱ्या तरुणीचं बोधचिन्ह येऊन जातं. मग अंधार. पण हा थिएटरातला अंधार नाही, पडद्यावरचा आहे. जमिनीखालचं तळघर, थरथरत्या उजेडात गोल बसलेली माणसं, आणि त्यांच्याभोवती फिरत जाणारा कॅमेरा. चंडिकेला चालणारे बळी राजानं बंद केलेत, म्हणून राजालाच संपवायचा कट इथे शिजतोय. आणि मग राजगुरूचा चेहरा मोठा होत जातो, इतका मोठा की नाक, कपाळ, ओठ सगळं पडद्याबाहेर जातं आणि उरतो फक्त एक डोळा.

पागोटेवाले गृहस्थ सावरून बसतात. तुम्हीही बसता, जरी तुम्ही पुढच्या नव्वद वर्षांचे सिनेमे पाहून आला आहात.

हिंदी आवृत्तीत हा राजगुरू चंद्रमोहन आहे, मराठीत केशवराव दाते. चंद्रमोहनच्या डोळ्यांची कीर्ती याच चित्रपटानं देशभर नेली. पण या डोळ्याचा खरा कर्ता पडद्यामागे आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती करून घ्यायला जर्मनीला गेले होते. रंग मनासारखे उतरले नाहीत. मात्र जर्मन सिनेमानं अंधाराचं काय केलंय ते त्यांनी तिथं डोळे भरून पाहिलं, आणि येताना ती दृष्टी बरोबर आणली. सावली ही उजेडाची उरलेली बाजू नसते, ती स्वतःच एक पात्र होऊ शकते, हे केशवराव धायबरांच्या कॅमेऱ्यानं इथे दाखवलंय. कलादिग्दर्शक फत्तेलालांची तळघरं, भुयारं त्या सावलीसाठीच बांधलेली वाटतात.

नीट पाहा, या डोळ्यात भूतपिशाच्च काहीही नाही. तो एका पूर्ण शुद्धीवर असलेल्या, विद्वान, धर्मनिष्ठ माणसाचा डोळा आहे. त्याला खून करायचाय आणि ते आपलं कर्तव्य आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. शिवाय तो कटातल्या माणसांकडे पाहतच नाहीये, तो तुमच्याकडे पाहतोय. माझ्या मते आपल्याकडच्या मनोभयाच्या सिनेमाचा पहिला धडा हाच, आणि तो पुण्यात, पुराणातल्या वाटाव्यात अशा पोशाखांच्या चित्रपटात गिरवला गेला, हे आपण फार कमी वेळा सांगतो. नंतरच्या जगप्रसिद्ध चित्रपटांनी जे केलं त्याचं बीज या एका चित्रात आहे: पाहणाऱ्यालाच पाहिलं जाणं.

मध्यंतराच्या आधीच बाहेर पडा. आपल्याला तीस वर्षं पुढे जायचंय.

१९६४. पेठेतलं थिएटर, लाकडी खुर्च्या, वरच्या मजल्यावर पंख्यांची घरघर. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ लागलाय. काशिनाथ घाणेकर वकील आहेत, त्यांची बायको वारलीय, आणि आता तिच्यासारखीच दिसणारी एक बाई आरोपी म्हणून समोर उभी आहे. ती म्हणते, मीच तुमची बायको. नवऱ्या-बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी ती भर कोर्टात सांगू लागते. भावना या अभिनेत्रीचे डोळे, गदिमांचे शब्द, आशा भोसले यांचा आवाज. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ सुरू झालं की थिएटरातली कुजबुज थांबते. ज्या चेहऱ्यावर इतकं प्रेम केलं तोच चेहरा आपल्याला ओळखता येत नाही, ही कल्पना भुतापेक्षा कितीतरी जवळची आहे. दोन वर्षांनी राज खोसला हीच गोष्ट ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत नेणार आहेत. याच वर्षी त्यांचाच ‘वह कौन थी?’ आलाय, बिरेन नाग यांचा ‘कोहरा’ आलाय. एकूण १९६४ साल धुक्यातल्या बायकांचं आहे.

थिएटरातून निघताना एक गोष्ट मनात धरून ठेवा, पुढे लागेल. ‘महल’मधली पिशाच्चासारखी भासणारी कामिनी शेवटी माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’मधला आत्मा माणूसच निघतो. ‘वह कौन थी?’मधला सगळं मायाजाल इस्टेटीसाठी रचलेलं असतं. आपल्या जुन्या भयपटांत भूत बहुतेक वेळा खोटं निघतं. खरा असतो तो वाडा, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेला नातेवाईक.

त्याच १९६४ सालच्या फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालंय. प्रभातच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहेच. तिथल्याच आवारात एक सडपातळ तरुण फिल्मचे डबे गोळा करत फिरतोय. त्याचं नाव पी. के. नायर. शांतारामांनी जिथं तो डोळा चित्रित केला, तिथंच आता जगभरचे डोळे येऊन साठणार आहेत.

आणखी दहा-बारा वर्षं पुढे या. सत्तरचं दशक अर्धं उलटलंय. लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळनंतर शुकशुकाट असतो, झाडी दाट आहे, टेकडीकडून गार वारा येतो. इन्स्टिट्यूटच्या फाटकातून आत शिरा. ‘विस्डम ट्री’ म्हणतात त्या आंब्याखाली चार-पाच पोरं वाद घालतायत. त्यांच्या दाढ्या, झोळ्या आणि चहाचे पेले ओलांडून थिएटरात या आणि मागच्या बाजूला जागा धरा. एका खुर्चीत वही आणि छोटी बॅटरी घेऊन बसलेले दिसतायत ते नायर. अंधारात मध्येच त्यांच्या बॅटरीचा इवला उजेड वहीवर पडतो, पेन्सिल चालते, उजेड विझतो. संग्रहालय १९६९ पासून जगभरच्या चित्रपट संग्रहालयांच्या संघटनेचं सदस्य आहे आणि परदेशी अभिजात चित्रपटांच्या प्रती इथे जमत आल्यात. व्हिडिओ अजून घरोघरी आलेला नाही. जो चित्रपट या खोलीत दाखवला जाईल तो आज पाहिला नाही तर पुन्हा कधी दिसेल, याची खात्री इथे कुणालाच नाही, म्हणून ही मुलं अशी पाहतात, जणू परीक्षेला बसलीत.

आधी ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’. रॉबर्ट वीनेचा १९२० चा मूकपट. रस्ते वाकडे, खिडक्या तिरप्या, सावल्यासुद्धा कापडावर रंगवलेल्या. जत्रेत एक डॉक्टर झोपेत चालणाऱ्या माणसाला पेटीतून उठवतो आणि गावात खून पडू लागतात. फ्रान्सिस नावाचा तरुण आपल्याला हे सगळं सांगतोय. शेवटी कळतं की फ्रान्सिस वेड्यांच्या इस्पितळात आहे आणि त्याचा तो खुनी डॉक्टर या इस्पितळाचा प्रमुख आहे. म्हणजे हे वाकडं गाव एका भ्रमिष्ट माणसाच्या डोळ्यांतून दिसत होतं तर! मुलं सुस्कारा टाकतात. पण पुढच्या रांगेतली एक मुलगी दिवे लागल्या लागल्या मागे वळून म्हणते, “पण अंगण? गोष्ट संपल्यावरही इस्पितळाचं अंगण तसंच रंगवलेलं आहे. मग वेडा कोण?” त्यावर जो वाद पेटतो त्यात तुम्ही पडू नका, रात्र पुरणार नाही. तिचं निरीक्षण मात्र अचूक आहे. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न या चित्रपटानं शंभर वर्षं उघडा ठेवलाय, आणि त्याच्या मागून आलेल्या प्रत्येक मनोभयपटानं तो उसना घेतलाय.

मग जेवणं. मग रात्रीचा खेळ: ‘सायको’.

तुम्हाला वाटेल, यात आता काय घाबरायचं? न्हाणीघराचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. थांबा. त्या प्रसंगाच्या आधीचा भाग पाहा. मालकाचे पैसे चोरून पळालेली मेरियन पावसात एका आडबाजूच्या मोटेलवर पोचते. मोटेल सांभाळणारा नॉर्मन बुजरा, हसरा, अदबशीर मुलगा आहे. तो तिच्यासाठी सँडविच आणि दूध घेऊन येतो. पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत दोघं बोलत बसतात. तुम्हाला तो आवडतो. आईच्या धाकात पिचलेल्या या पोराची तुम्हाला दया येते. मग ती खोलीत जाते, तो भिंतीवरची तसबीर बाजूला करतो, आणि भोकाला डोळा लावतो. पडद्यावर एका बाजूनं दिसणारा तो प्रचंड डोळा. १९३४ मध्ये डोळा तुमच्याकडे पाहत होता. इथे तुम्ही त्या डोळ्याच्या मागे उभे राहून पाहताय. ती कपडे उतरवतेय आणि तुम्ही नजर वळवलेली नाही.

खून होतो. तो चित्रित करायला हिचकॉकनं सात दिवस घेतले. पडद्यावर मिनिटभरही चालत नाही. सुरा कातडीत शिरताना जवळजवळ दिसतच नाही. दिसतात हात, पाणी, पडदा, उघडं तोंड, आणि रक्त म्हणून वापरलेलं चॉकलेटचं सिरप. हिचकॉकला इथे संगीत नको होतं, बर्नार्ड हरमननं तरीही व्हायोलिनच्या किंकाळ्या रचल्या, आणि त्या ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. मोरीतून वाहून जाणारं पाणी गरगरत तिच्या निर्जीव डोळ्यात मिसळतं. इथवर थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

पण या चित्रपटाची खरी करामत यानंतर आहे, आणि तुम्ही इतक्या लांबून आलात ते ती पाहायला. नॉर्मन घाईघाईनं फरशी पुसतो. प्रेत गाडीच्या डिकीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते. आणि मध्येच थांबते. छत वर, बाकी गाळात. नॉर्मन इकडे तिकडे पाहतो. आता तुमच्या छातीवर हात ठेवा. तुम्हाला काय हवंय? तुम्हाला ती गाडी बुडायला हवीय. ज्या बाईसोबत तुम्ही अर्धा-पाऊण तास घालवलात तिचं प्रेत त्या गाडीत आहे, आणि तुम्ही मनातल्या मनात म्हणताय, “जा, जा, बुड.” गाडी गडप होते. थिएटरात एकदम श्वास सुटल्याचा आवाज होतो, दीडशे छात्यांतून एकदम. १९६० मध्ये न्यूयॉर्कला झाला असेल तोच आवाज, एरंडवण्यात.

अभिजात मनोभयपट वर्षानुवर्षं का टिकतात, याची जी उत्तरं पुस्तकांत मिळतात त्यांत मला हा श्वास सगळ्यात भरवशाचा वाटतो. राक्षस दाखवणारा सिनेमा म्हातारा होतो, कारण रबराचा मुखवटा दहा वर्षांत हास्यास्पद दिसू लागतो. तुमच्या आत काय चाललंय हे दाखवणाऱ्या सिनेमाला मुखवटाच नसतो. पोलान्स्कीच्या ‘रिपल्शन’मध्ये घराच्या भिंतींना तडे जातात, भिंतीतून हात येतात, पण भिंत ठीक आहे, पाहणाऱ्या मुलीच्या मनाला तडा गेलाय, आणि चित्रपट सुरूच होतो तिच्या डोळ्याच्या अगदी जवळच्या चित्रापासून. ‘द इनोसंट्स’मध्ये तळ्यापलीकडे उभी असलेली बाई खरी की शिक्षिकेच्या दबलेल्या मनाचा खेळ, हे जॅक क्लेटन शेवटपर्यंत सांगत नाही. मायकेल पॉवेलनं ‘पीपिंग टॉम’मध्ये खून करणाऱ्याच्या हातात सरळ कॅमेराच दिला, आणि समीक्षक इतके खवळले की त्याची कारकीर्द जवळपास संपली. प्रेक्षकाला आरसा दाखवण्याची किंमत त्यानं मोजली.

सकाळी वर्गातही जाऊन या. ‘पथेर पांचाली’ची एकेक चौकट सोडवून शिकवणाऱ्या सतीश बहादूर सरांच्या पद्धतीनं शिकलेली ही मुलं आता संकलनाच्या टेबलावर फिल्म पुढे-मागे करत बसलीत. हात, पाणी, पडदा, तोंड. प्रत्येक तुकडा वेगळा पाहिला तर निरुपद्रवी. भीती दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा प्रेक्षकच भरतो. हे कळलं तरी रात्री न्हाणीघराचं दार कुणी आतून लावत नाही, ते वेगळं.

आता कोट चढवा. डिसेंबर १९७६.

इथे थिएटरात जायचं नाहीये. फक्त रस्त्यावरून चाला. दिवेलागणीलाच दारं लागलीत. एरवी रात्री दहापर्यंत गप्पांनी भरलेले कट्टे ओस पडलेत. ऑक्टोबरच्या शेवटी एक कुटुंब, डिसेंबरच्या सुरुवातीला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यातलं दुसरं. फिल्म इन्स्टिट्यूटपासून तो रस्ता चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मारेकरी अजून सापडलेले नाहीत. बेल वाजली की आतून आधी “कोण?” असा आवाज येतो, मग दुसरा आवाज, मग साखळी. पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून जे पुढे ओळखलं जाईल, त्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ दरम्यान दहा जीव गेले. पकडले गेले ते चित्रकला शिकणारे तरुण होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली.

मी इथे तुम्हाला सिनेमाशी बरोबरी करायला आणलेलं नाही. तसं करणं त्या घरांचा अपमान ठरेल. खऱ्या भीतीत अर्थ शोधायला कुणाला फुरसत नसते आणि तिच्या शेवटी दिवे लागत नाहीत. तरीही त्या हिवाळ्यात शहराला जो धक्का बसला त्यात एक भाग खून किती क्रूर होते याचा होता, आणि दुसरा भाग, जो आजही साठी-सत्तरी ओलांडलेले पुणेकर सांगतात तो, असा की ती मुलं आपल्यातलीच होती. रस्त्यात दिसली असती तर वळून पाहिलं नसतं. सँडविच आणि दूध घेऊन येणाऱ्या अदबशीर पोराची भीती हिचकॉकनं सोळा वर्षांपूर्वी ओळखली होती. तिला सिनेमा आवर घालू शकत नाही. तो फक्त तिच्याकडे टक लावून पाहायला शिकवतो, आणि तेही सोबतीनं.

त्याच १९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आलाय. आशा काळे, पुन्हा काशिनाथ घाणेकर, नरसूच्या भुताची दहशत, सुधीर मोघे यांची गीतं आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली. ‘रात्रीस खेळ चाले’ ऐकताना आपली आई किंवा आजी अजूनही आवाज किंचित खाली आणते, ते आठवून पाहा. पोरी-टोरी नरसूच्या नावानं एकमेकींना घाबरवतात. त्या हिवाळ्यात भूत हा मोठाच दिलासा वाटला असेल.

१९८०. अरुणा राजे पुण्याच्या, इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या. त्यांनी विकास देसाई यांच्याबरोबर ‘गहराई’ केलाय. पटकथेला विजय तेंडुलकरांचा हात आहे. घरातला कर्ता पुरुष गावाकडची वडिलार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो, आणि शहरात वाढलेली त्याची मुलगी भलत्याच आवाजात बोलू लागते. मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. अंधश्रद्धेला थारा न देणारा, तर्कानं चालणारा बाप डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केलाय, आणि ‘देवाला रिटायर करा’ म्हणणारे लागू ते काम किती आतून करतात ते पाहा: डोळ्यांसमोर जे घडतंय ते मान्य करायचं नाही आणि मुलीला तर वाचवायचंय. हा चित्रपट ‘एक्झॉर्सिस्ट’च्या पंक्तीत बसवून लोक विसरून गेले, हे मला मनापासून खटकतं. ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये सैतान बाहेरून येतो. इथे जे अंगात येतं ते त्या जमिनीतून येतं, त्या घरानं केलेल्या जुन्या पापातून. माघारी वळून १९६४ ची गोष्ट आठवा. वाडा खरा असतो.

आणि २००४ ला एक मिनिट थांबल्याशिवाय मी तुम्हाला पुढे नेणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या जोडीचा ‘देवराई’. हा भयपट नाही. अतुल कुलकर्णींचा शेष कोकणातल्या देवराईत गुंतलेला हुशार तरुण आहे, आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला आवाज ऐकू येतात, माणसं दिसतात. ‘सायको’नं मनाचा आजारच वापरून आपल्याला खुर्चीला खिळवलं होतं, आणि त्याची किंमत मनाचे आजार असणाऱ्या लाखो लोकांनी चुकवली: वेडा म्हणजे सुरा घेतलेला, हे समीकरण घराघरांत बसलं. अभिजात मनोभयपटांवर मी जीव टाकतो, पण त्यांच्या खात्यावरचं हे ऋण फार मोठं आहे आणि ते मांडल्याशिवाय त्यांचं कौतुक अपुरं राहतं. ‘देवराई’ कॅमेरा शेषच्या आत नेतो, आणि कळतं की घाबरलेला तोच आहे. भोकातून पाहणारा डोळा इथे फिरून दुसऱ्या बाजूला आलाय. शेजारी बसलेली बाई रडते आहे. विचारू नका, तिच्या घरी कोण आहे ते.

सप्टेंबर २०२४. मल्टिप्लेक्स, गार हवा, पॉपकॉर्नच्या बादल्या. सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा फारशा लोकांनी न पाहिलेला ‘तुंबाड’ पुन्हा लागलाय आणि या वेळी खेळ भरभरून चाललेत. बहुतेक प्रेक्षक तिशीच्या आतले. पडद्यावर पाऊस थांबत नाही. राही अनिल बर्वे यांनी तो खरा पाऊस पकडायला एकामागून एक पावसाळे घालवले. पंकज कुमार यांचा कॅमेरा, तेही याच शहरातल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कथेच्या मुळाशी नारायण धारप आहेत. पुण्यात बसून त्यांनी भयकथांचा एवढा डोंगर उभा केला की मराठी घरांतली एक अख्खी पिढी रात्री पांघरुणात बॅटरी घेऊन त्यांना वाचत होती, आणि साहित्याच्या मोठ्या चर्चांनी त्यांना दारातही उभं केलं नाही. चित्रपटातल्या वाड्याचा काही भाग सासवडला चित्रित झालाय. आणि गोष्टीतलं पुणं पाहा: नायक विनायक तुंबाडच्या वाड्याखालच्या गर्भातून मोहरा उचलतो आणि त्या मोडून पुण्यात सुखानं राहतो, घर, गाडी, प्रतिष्ठा. १९३४ च्या प्रभात टॉकीजमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचं पुणं ते हेच.

इथे भूत खोटं निघत नाही. त्या गर्भात हस्तर आहे, भुकेला आहे, लाल आहे. चित्रपटगृहातली पोरं त्याला पाहून किंचाळतात आणि लगेच हसतातही. पण एका प्रसंगात कुणी हसत नाही. विनायक आपल्या लहान मुलाला, पांडुरंगला, शिकवतोय: दोरावरून खाली कसं उतरायचं, पिठाची बाहुली कधी टाकायची, हात किती चपळ हवा. एखादा बाप मुलाला पोहायला शिकवेल तितक्या मायेनं तो हे शिकवतो. आणि पोरगं बापाला खूश करायला बापापेक्षा पुढची युक्ती काढतं. शेवटी बापाचं काय होतं ते समोर दिसत असताना, त्यानं पुढे केलेलं सोनं पांडुरंग नाकारतो. एवढा नकार मिळायला तीन पिढ्या लागल्या.

दिवे लागतात. सरकत्या जिन्यावर तुमच्या पुढे एक कुटुंब आहे: आजी, तिचा मुलगा, सून, आणि अकरा-बारा वर्षांचा नातू, ज्याला खरं म्हणजे हा चित्रपट दाखवायला नको होता.

“आजी, तू घाबरलीस?”

“त्या लाल्याला? छे रे. आम्ही नरसूला भ्यालेल्या बायका.” ती कठड्याला धरून सावकाश पाय टाकते. “तो पोराला शिकवत होता ना, कसं उतरायचं नि कसं चोरायचं, तेव्हा मात्र पोटात गोळा आला माझ्या.”

मुलगा खिशात पार्किंगची चिठ्ठी चाचपतोय. नातू दोन पायऱ्या उतरून त्याच्या बरोबरीला येतो.

“बाबा, गावच्या घरावर काका सही करणार नाहीत म्हणत होतास. मग तू काय करणारेस?”

“गाडीत बोलू,” बाप म्हणतो.

“आत्ता का नाही?” सून विचारते, आणि पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत तो विषय थांबत नाही.